त्रेचाळीस खेळ आणि एक लाभार्थी

सव्वादोन वर्षांच्या मुलाचा अंगठा मोबाईलच्या काचेवर साधारण नऊ मिलिमीटर रुंदीचा, किंचित चिकट ठसा उमटवतो. बिस्किट खाल्लेलं असेल तर अकरा. मानवजातीच्या भविष्याचे निर्णय अशाच ठशांपासून सुरू होतात आणि म्हणूनच ते घाईने घ्यायचे नसतात, असं शामकांत यांचं ठाम मत होतं.

मत अनुभवाचं होतं. नगरच्या एका सरकारी कचेरीच्या भांडार शाखेत त्यांनी चौतीस वर्षं खुर्च्या, सतरंज्या आणि टाचण्यांच्या खरेदीच्या नस्त्या हाताळल्या. या काळात एकही खरेदी चुकीची झाली नाही. (एकूण झालेल्या खरेद्या : सहा.) अंतिम निर्णय त्यांनी स्वतः कधीच घेतला नाही, टिपणी लिहून, ‘उचित निर्णयार्थ सादर’ असा शेरा मारून, नस्ती वर पाठवली.

नातू ओजस अजून बोलत नव्हता. ऐकू नीट येत होतं, हसत होता, कुकरचं झाकण फरशीवर आपटून शेजारच्या अफ्रीनभाभींना कामाच्या तंद्रीतून जागं करत होता. पण शब्द म्हणून एक नव्हता. मुलगा अनीश आणि सून मनवा त्याला डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले, “मोबाईल द्यायचाच असेल तर सुरक्षित, समोरून प्रतिसाद देणारा खेळ निवडून द्या. पण त्यापेक्षा—”

इथे अनीशचा फोन वाजला आणि त्यात रडणाऱ्या ओजसला घेऊन मनवा बाहेर गेली. अनीश फोन संपवून वळला, तेव्हा डॉक्टर पुढचा पेशंट तपासत होते. चिठ्ठीवर इतकंच होतं : तीन महिन्यांनी दाखवणे.

वाक्याचा उत्तरार्ध अप्राप्त असल्याने पूर्वार्धावर कार्यवाही करावी, असं शामकांत यांनी सुचवलं. उत्तरार्धासाठी डॉक्टरांना स्मरणपत्र लिहायचंही ठरलं. त्याला जावक क्रमांक पडला. पत्र गेलं नाही.

नगरच्या सावेडीतल्या त्यांच्या दोन खोल्यांच्या घरात निवड समिती स्थापन झाली. अध्यक्ष शामकांत. सदस्य : पत्नी प्रेमला आणि अनीश. घरकामाला येणाऱ्या गोजरबाई विशेष निमंत्रित. मनवा एमआयडीसीतल्या एका कंपनीत मालाची गुणवत्ता तपासत असे. तिला अशा कामांची घाई असते, म्हणून तिला समितीबाहेर ठेवण्यात आलं. लाभार्थी : ओजस.

परीक्षण लाभार्थ्यावर करायचं नाही, हे पहिल्याच बैठकीत ठरलं. अपरीक्षित खेळ बालकाच्या हाती देणं धोक्याचं. प्रत्येक खेळ आधी मोठ्यांनी पूर्ण खेळायचा, सगळे टप्पे ओलांडायचे, मग अहवाल. हा नियम इतका निर्दोष होता की त्यात कुणालाच खोट काढता आली नाही.

पहिल्या महिन्यात एकवीस खेळ तपासले गेले.

फुगे फोडण्याचा खेळ बाद झाला, कारण फुटलेल्या फुग्यांची विल्हेवाट कोण लावतं हे स्पष्ट नव्हतं. हत्तीला लाडू भरवण्याच्या खेळात हत्ती सोंड धूत नव्हता. गाईच्या खेळात गाईच्या कानाला बिल्ला नव्हता. शिवाय ती दूध द्यायची, पण फॅट किती लागली ते कुठेच दाखवत नसे. (डेअऱ्यांच्या नगर जिल्ह्यात वाढणाऱ्या मुलावर याने काय संस्कार होणार?) आगगाडीचा खेळ खरं तर चांगला होता. तो प्रेमलाबाईंनी अडवला.

“यात पुणतांबा कुठंय?” त्यांनी विचारलं. पुणतांबा त्यांचं माहेर.

“अगं, खेळ परदेशी आहे.”

“असेना. जंक्शन आहे आमचं. गाडी थांबायलाच पाहिजे.”

दर वेळी शामकांत चष्मा कपाळावर सरकवत, मांडीवर थाप मारत आणि खणखणीत आवाजात म्हणत, “नामंजूर!” चौतीस वर्षं हा शब्द त्यांनी वरून परत आलेल्या नस्त्यांवर फक्त वाचला होता; उच्चारायला किती चवदार आहे हे आता कळत होतं. शेजारी झाकण घेऊन बसलेला ओजस प्रत्येक वेळी खदखदून हसे. इतिवृत्तात नोंद आहे : ‘लाभार्थी हसला. कारण अज्ञात.’

दुसऱ्या महिन्यात समितीने फारच झोकून दिलं. अनीश गाड्या धुण्याच्या खेळात अडकला. त्याची खरी दुचाकी मात्र दोन महिने तशीच होती. प्रेमलाबाईंनी रंग भरायच्या खेळात एकशे नव्वद मोर पूर्ण केले. आणि गोजरबाई घरातली भाजी चिरून झाली की ओट्याला टेकून मोबाईलमधली भाजी चिरत.

“काका, आज गाजरं लई झाक कापली,” त्यांनी अहवाल दिला. “तीन चांदन्या भेटल्या!”

“आणि आपल्या गाजरांचं काय झालं?”

“ती ऱ्हायली की वो. त्येला कुटं चांदन्या मिळत्यात?”

परीक्षणाचा रोजचा सरासरी वेळ : अध्यक्ष चार तास दहा मिनिटं, सदस्य प्रत्येकी तीन तास, विशेष निमंत्रित दोन तास (पगारी). लाभार्थी : शून्य. सुरक्षिततेचा निकष शंभर टक्के पाळला गेला.

तिसरा महिना संपत आला तेव्हा मनवाने एकदा विचारलं, “बाबा, त्याच्या तोंडून अजून एक शब्द नाही आला. साधं ‘आई’सुद्धा नाही. उद्या डॉक्टरांना काय सांगू?”

“मनवा, घाईची खरेदी लेखापरीक्षणात सापडते.”

“खेळ फुकट आहे, बाबा.”

“म्हणूनच जास्त जपायला हवं.”

रविवार होता. संध्याकाळी अंतिम बैठक बसली. बेचाळीस बाद होऊन एकच खेळ उरला होता : रंगीत मासे, बोट लावलं की बुडबुडे सोडणारे. मासे निर्दोष होते. शामकांत यांनी सवयीने लिहिलं, ‘उचित निर्णयार्थ सादर’, आणि वर पाहिलं. वर पंखा होता.

त्यांनी प्रेमलाबाईंकडे पाहिलं, त्या म्हणाल्या, “माझा दोनशे एक्याण्णवावा मोर चाललाय.” अनीश म्हणाला, “तुम्ही म्हणाल ते.” गोजरबाई म्हणाल्या, “मला इचारू नगा, माजा भोपळा कापायचा हाय.” आणि मनवा मोबाईलवर डॉक्टरांची उद्याची वेळ पक्की करत बसली होती, तीच पडद्यावरून मान वर न करता म्हणाली, “ज्याच्यासाठी आहे, त्याच्यासमोर ठेवा ना एकदा.”

नियमात बसत नव्हतं. पण दुसरा वरिष्ठ उपलब्ध नव्हता. शामकांत यांनी मासे फरशीवर, ओजससमोर ठेवले.

ओजसने माशांकडे पाहिलं. नऊ मिलिमीटरचा अंगठा पुढे आला, मोबाईल हलकेच बाजूला सरकवला आणि त्या जागी झाकण ठेवलं. मग त्याने मान वर करून खोलीतल्या एकेका पडद्याकडे क्रमाने पाहिलं : आजीच्या, बाबाच्या, गोजरबाईंच्या, आईच्या, आणि तुम्ही हे मोबाईलवर वाचत असाल तर तुमच्याही. नसलेला चष्मा कपाळावर सरकवला. मांडीवर थाप मारली.

“नामंजूल!”