शिन्किचीने उडी का मारली?

दुसरं रीळ संपलं तेव्हा पडद्यावरचा छत्रीवाला शिन्किची पुलाजवळच्या टपरीवर रस्स्यातल्या शेवया भुरकत खदाखदा हसत होता, आणि तिसऱ्या रिळाचा पत्ता नव्हता. एकच चित्रपट एकाच दुपारी दोन गावांत चालायचा. पलीकडच्या गावात दाखवून झालेलं रीळ हेइसुके सायकलवरून इकडे आणायचा. आज तो वाटेतच कुठेतरी अडकला होता.

पडद्याशेजारी उभं राहून मूकपटाची गोष्ट सांगणारा बान्नो घामाघूम झाला. थिएटरचा मालक कुरोबे त्याच्या कानाशी फिसकारला, "चौथं तिकडून दुसऱ्याच्या हाती आलंय, तेच लावतोय. सांभाळून घे. लोकांनी बसायच्या गाद्या फेकल्या, तर उद्यापासून इथे दुसरा माणूस उभा दिसेल."

"अहो मालक, पण चौथ्यात आहे काय? मी पाहिलेलंच नाही!"

"मी तरी कुठे पाहिलंय?"

चौथं सुरू झालं. शिन्किची धावत आला, पुलाच्या कठड्यावर चढला आणि त्याने नदीत उडी घेतली. टोपी तेवढी तरंगत गेली. काठावर कुत्र्याचं एक ओलं पिल्लू अंग झाडत होतं. पुलावरच्या लोकांनी गुडघे टेकले. समाप्त.

बान्नोने घाईघाईने वाकून नमस्कार केला.

"ओ मास्तर!" पहिल्या रांगेतून मासेवाली ओतात्सू ओरडली. "आत्ता तर हसत होता मेला! जीव का दिला त्याने?"

"पटत नाही!" मागून कोणीतरी म्हणालं. "आधी काही दिसायला नको?" एक गादी वर उचलली गेली.

बान्नोने एक पाऊल पुढे टाकलं. आणि मग, लहानपणी देवळात गुरूंच्या पायाशी बसून ऐकलेल्या, गाऊन सांगितलेल्या प्रवचनांचा सूर त्याच्या गळ्यातून आपोआप निघाला.

"मंडळी, दिसलं होतं हो! आपणच पाहिलं नाही. तो हसला, पण शेवटची शेवई वाडग्यात राहिली. आई गेल्यापासून शेवटचा घास तो तिच्यासाठी ठेवी..."

"काहीतरीच! रस्सासुद्धा प्यायला तो. मी बघितलं."

"रस्सा प्यायला, मावशी. शेवई राहिली."

"राहिली होती गं," ओतात्सूच्या शेजारणीने डोळे पुसले.

आई गेली, ठरलेलं लग्न मोडलं. बान्नो गात सुटला.

"आणि ते पिल्लू ओलं का?"

"मालकासाठी रडून रडून, मावशी."

हुंदके फुटले. म्हाताऱ्या अमिदा बुद्धाचं नाव घेऊ लागल्या. गाद्या पुन्हा बुडाखाली गेल्या.

तेवढ्यात दार धाडकन उघडलं. "टायर फुटला होता! आणलं तिसरं!" हेइसुके धापा टाकत म्हणाला.

"लावा, लावा!" सगळं सभागृह ओरडलं.

तिसऱ्या रिळात शिन्किचीची धडधाकट आई त्याला आग्रहाने वाढत होती. होणारी बायको लाजत होती. "हे... हे त्या अभाग्याला पुलाखाली बुडताना पडलेलं स्वप्न," बान्नोने सूर धरला. लोक आणखीच रडले. निभावतंय असं वाटतंय, तोच कठड्यावरून पिल्लू घसरलं आणि नदीत पडलं. ते पाहून शिन्किचीने छत्र्या टाकल्या आणि तो धावला.

आता कुठलंच स्वप्न पुरणार नव्हतं. बान्नोने डोळे मिटले. "मंडळी, मी चुकलो. तो जीव द्यायला नाही, पिल्लाला वाचवायला..."

ओतात्सू गादी घेऊन उभी राहिली. "गप्प बसा मास्तर! कुत्र्यासाठी कोण उडी मारतं? शेवटची शेवई ठेवणारा माणूस तो! या सिनेमावाल्यांना काही कळतं का?"

गादी सूंऽ करत आली आणि पडद्यावर आदळली. मागोमाग बाकीच्याही.

गर्दी पांगल्यावर कुरोबे जवळ आला. "उद्यापासून..." तो म्हणाला, आणि बान्नो आपली पिशवी उचलू लागला. "उद्यापासून तिसरं रीळ तिकडेच ठेवायला सांग हेइसुकेला."

बान्नोने पडद्याकडे वळून हात जोडले. "शिन्किची, माफ कर रे बाबा."

संध्याकाळी तो गावातल्या पुलाजवळच्या खऱ्या टपरीवर गेला. टपरीवाला रडकुंडीला आला होता. "मास्तर, माझ्या शेवयांचं काय बिघडलंय हो? आज जो तो शेवटची शेवई टाकून चाललाय!"

बान्नोने सगळ्या वाडग्यांतली उरलेली शेवई एका वाडग्यात जमवली आणि पुलाखालच्या पिल्लांना घालायला तो खाली उतरला.