आजोबांची तिथी आणि पान चार

आमच्या कचेरीत फाईल हरवली की सगळे माझ्याकडे येतात. हरिश्चंद्र शोधायला बसला की गेलेली वस्तू लाजून पुढे येते, असं खुद्द हेडक्लार्क म्हणतात! म्हणून चौपन्न सालच्या सर्वपित्रीला मी घरात जाहीर करून टाकलं, की आजोबा कोणत्या तिथीला गेले ते मी शोधून काढणार.

माझे आजोबा, आत्माराम, चाळीस वर्षांपूर्वी समुद्रात बुडाले. मलबारहून घरी परतताना ज्या गलबतात बसले ते तिकडच्याच बंदराचं, खलाशीही तिकडचेच. नाटे बंदराजवळ गलबत बुडालं, आणि बातमी आमच्या घरी पोचली ती ऐन पावसाळ्यात, पोलीसपाटलाच्या तोंडी. तीत दिवस नव्हता. तिथीच माहीत नाही म्हटल्यावर श्राद्ध सर्वपित्रीला. पण इतक्या वर्षांत कावळ्याने आमच्या पानाला वेळेवर चोच लावली असेल तर शपथ! आणि कावळा शिवेपर्यंत घरात कोणी जेवायचं नाही. वडे गार, काळ्या वाटाण्याचं सांबारं गार, आणि आम्ही ओळीने उभे राहून पानाला वचनं देतोय. वडिलांनी एकदा पडवी नवी बांधायचं कबूल केलं. मी तर दारू सोडतो म्हणालो, जी मी कधी घेतलीच नव्हती.

आम्हाला भूक लागायची, पण राहीआत्याला रडू यायचं. ही आजोबांची मुलगी, ते गेले तेव्हा सात वर्षांची. जाताना आजोबांनी तिला मलबारचा पोपट आणायचं कबूल केलं होतं. "बाबांना मी आठवले नाही, नि आता जेवायलाही येत नाहीत," असं ती दर वर्षी पानासमोर म्हणायची. पन्नाशीला टेकलेल्या बाईच्या तोंडून ते ऐकवत नसे.

तर मी वाचनालयाच्या माळ्यावर चढलो. तिथे जुन्या साप्ताहिकांचे गठ्ठे होते, कसर लागलेले. दर रविवारी मी शिंकत बसायचो. खरं सांगतो, निम्मा वेळ मी आजोबांना विसरलो होतो. मालगुंडच्या कोणाची तरी म्हैस हरवल्याची जाहिरात दिसली, आणि मी त्या म्हशीच्या मागे चार अंक धावलो. शेवटी ती सापडली तेव्हा मला घरची म्हैस परत आल्यासारखं वाटलं.

आणि फाल्गुनात एका रविवारी बातमी मिळाली! 'नाट्याजवळ गलबत बुडाले.' खाली आजोबांचं नाव. अंकाच्या माथ्यावर तिथी छापलेली होती, वैशाख वद्य अष्टमी. पानावरचं सगळं उतरवून घेतलं आणि घरी पळालो. राहीआत्याने तो कागद देवापुढे ठेवला.

वैशाख वद्य अष्टमीला भटजी आले, नातेवाईक आले, तीस पानं मांडली. आत्या पहाटेपासून हसत होती. बारा वाजले, एक वाजला, दोन वाजले. कावळा नाही! भटजी माझ्याकडे असे बघू लागले, की जणू मीच आजोबांना बुडवलं. आत्या माडाखाली बसली, आणि या वेळी तर ती रडलीही नाही.

शेजारचे वजीरचाचा कुंपणापाशी आले. तेही आयुष्यभर गलबतावर होते. त्यांनी कागद मागून घेतला आणि चष्मा लावून शांतपणे वाचला.

"हरी, ही तिथी कोनाची? तुझ्या आज्याची का पेपराची?"

मी म्हणालो, माथ्यावरच छापली आहे.

"पेपर शनवारचा, म्हंजे शनवारी अष्टमी. आत लिवलंय 'गेल्या बुधवारी'. तुझा आजा पंचमीला गेला रे बाबा. आनि खाली तूच लिवलंस, 'पुढील मजकूर पान चार'. मग पान चार कुठाय?"

आजोबांचं नाव दिसल्यावर पान उलटायचं मला सुचलंच नव्हतं! तीस उपाशी माणसांसमोर मी सायकल काढली. वाचनालयातून पान चार उतरवून परत आलो, तेव्हा घामाने शाई फुटली होती. वाटेत वाचून झालं होतं, आणि ते आत्याला वाचून दाखवावं की नाही तेच मला कळत नव्हतं.

"वाच," आत्या म्हणाली.

मी वाचलं. 'सर्वजण होडीत उतरून वाचले. आत्माराम हेही उतरले होते. परंतु मुलीकरिता घेतलेला पोपट पिंजऱ्यासह वर राहिल्याचे ध्यानी येताच ते गलबतावर परत चढले. इतक्यात गलबत कलंडले.'

भटजीसुद्धा खाली बघत होते. आत्या उठली, पानाजवळ गेली.

"बाबा, पोपट पोचला हो मला," ती म्हणाली. "आता जेवा."

आणि कावळा आला! एक नाही, चार आले आणि वड्यावरून भांडले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी सायकलच्या घामात खपवलं.

जेवणं झाल्यावर हात धुताना सहज माझी नजर कुंपणापलीकडे गेली. वजीरचाचांच्या अंगणात रोज खारे बांगडे वाळत असतात, ती चटई रिकामी होती. मी त्यांच्या बायकोला, कुलसुमचाचीला, विचारलं.

"तुमची मान्सं उपाशी, नि आमचा म्हावऱ्याचा वास," ती ओशाळून म्हणाली. "तू सायकलवर गेलास तवा उचलले."

"आणि एरवी किती वर्षं वाळत घालता, चाची?"

"मी लगीन होऊन आल्यापासून. कावळे हाकून हाकून हात दुखतात बघ."

मी तोंड पुसलं आणि घरात आलो.

आता भटजी म्हणतात पंचमी. आत्या म्हणते अष्टमी, कारण बाबा त्या दिवशी जेवले. सर्वपित्री आहेच. आजोबा वर्षातून तीनदा जेवतात, आणि तीनही दिवशी कुलसुमचाची सकाळीच बांगडे उचलते. आत्याला हे मी सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका. कचेरीत मात्र फाईल हरवली की हल्ली मी आधी शेजारच्या टेबलावर बघतो.