मच्छिंद्रची दोन कामांची सायकल

मच्छिंद्रनं सायकल घ्यायचं काढलं तेव्हा त्याच्या बायकोनं, इंद्रायणीनं, एकच बजावलं, "कचेरीत येळेवर पोचवंल अशी घ्या. बाकी नखरे नका करू." अंबडच्या मुन्सफ कचेरीत तो कारकून होता, गाव तिथून पाच मैल. नोकरी अजून हंगामी. साहेबांची मर्जी बसली तर पक्की, नाहीतर घरी.

पण मच्छिंद्रच्या अंगात वारं शिरलं होतं. (वय छत्तीस, पोट त्याहून थोर.) त्याला शर्यतीतल्यासारखी पळणारीही हवी होती.

जालन्याच्या दुकानदारानं डोकं खाजवलं. "मालक, रोजच्याला उंच हँडल बरं. पळवायला खाली वाकलेलं. दोन्ही एकात कसं बसवू?"

"मडगार्ड अन् घंटी कचेरीची बसव, हँडल शर्यतीचं."

"मी बसवतो बराबर. पण बसायचंय तुमाला."

पहिल्याच सकाळी हनुवटी दिव्याला टेकली. रस्ता दिसेना, नुसतं पुढचं चाक. निम्म्या वाटेत टापा ऐकू आल्या म्हणून मान वर केली, तर पुढं मुन्सफसाहेबांचा टांगा! मागं राहावं तर साहेबांनंतर कचेरीत पोचणार, पुढं जावं तर बेअदबी. बेअदबी निदान लवकर उरकते, असं म्हणून त्यानं डोकं खाली घातलं आणि पायडल हाणलं. टांग्याशेजारी पोट मांडीत अडकलं, तोंडातून "आई गंऽऽ!" निघालं आणि टोपी उडाली. बोडक्या डोक्यानंच गडी पुढं पसार.

मग सकाळभर तो फाइल उलटी धरून बसला. बारा वाजता कचरू चपराशी आला. "साहेबानं बुलावलंय. जल्दी."

साहेबांच्या टेबलावर त्याची टोपी होती.

"सायकलीवर तुम्हीच होता?"

"हुजूर, चूक झाली..."

"चूक कसली? पोटात एवढी कळ, माणूस पार दुमडून गेलेला, ओरडतोय, टोपीचं भान नाही. तरी कामावर हजर! असा नोकर मी पाहिला नाही. आजपासून तुमची नोकरी पक्की."

मच्छिंद्रच्या छातीवरचा धोंडा उतरला. डोळ्यांत पाणी आलं. खरं सांगायला त्यानं तोंड उघडलं आणि शहाण्यासारखं मिटलं.

"आता हे घ्या. माझ्यासमोर. मग घरी जाऊन पडा."

कचरूच्या हातात एरंडेलाचा पेला होता, काठोकाठ. नोकरी पक्की करणाऱ्याला नाही कसं म्हणावं? मच्छिंद्र डोळे मिटून प्याला.

तिसऱ्या मैलाला एरंडेल बोललं. वाटेत ना ओढा, ना आडोसा. त्या दिवशी सायकल खरी पळाली. घंटी आपोआप वाजत होती, बैलगाड्या बाजूला होत होत्या.

इंद्रायणी दारातच होती. "आवं, एवढ्या लवकर? काढलं का काय कामावरनं?"

"न्हाई! पक्की झाली!" सायकल अंगणात टाकून मच्छिंद्र ओरडला. "पण आधी तांब्या दे, तांब्या!"