गायकवाड सरांचा गोल

माझ्या भाकरीला नवऱ्याने कधी नाव ठेवलं नाही. सासूनेही ठेवलं नाही, आणि ती चटणीतसुद्धा खडा शोधणारी बाई! नाव ठेवलं ते शेजारच्या गायकवाड सरांनी, तेही फुकटच्या भाकरीला. डबा उघडला, भाकरी डोळ्यांसमोर धरली, एक डोळा मिटला आणि म्हणाले, "वैशाली, उजवीकडं चपटी हाय गो. गोल नाय."

"सर, खायची हाय का गाडीला लावायची हाय?"

"चवीला मस्तच असते. मी फक्त गोलाचं बोलतोय."

सर शहापूरच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकवून रिटायर झाले. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, एकुलती एक मुलगी प्रज्ञा कॅनडात. घरात माणूस एक आणि कॉम्प्युटर दोन. मी एसटीत कंडक्टर आहे. सकाळी ड्युटीवर निघताना त्यांच्या ओट्यावर डबा देते, आणि बदल्यात मला गावातल्या यच्चयावत गोलांची खबर मिळते. बाजारातल्या फ्लेक्सवर पुढाऱ्याच्या तोंडाभोवतीच्या गोलाला पोचा पडलेला आहे. सरपंचांच्या नातवाच्या वाढदिवसाचा केक अंड्यासारखा होता. एकदा माझ्याच मुरबाड गाडीत चढले ते थेट ड्रायव्हरपाशी जाऊन वाकले आणि म्हणाले, "तुमचं स्टेअरिंग एकदम बरोबर हाय हां." ड्रायव्हर हळूच मला विचारतो, "ताई, हे आरटीओचे साहेब हायत का?"

आता या खुळाचं मूळ सांगते. फोनच्या पडद्यावर रेघा, गोल, सावल्या दिसतात ना, त्या काढून देणारा तयार कोड असतो. सर त्याला लायब्ररी म्हणतात. ती कुणा एकाची नाही. जगभरातली माणसं घरी बसून तिच्यात भर घालतात, चुका दुरुस्त करतात, आणि सगळं फुकट. त्या लायब्ररीतला छोटा गोल सरांच्यासारख्या जुन्या फोनवर दातेरी दिसायचा, करवतीसारखा. तो गुळगुळीत करायचा सरांनी चंग बांधला होता. दुरुस्ती लिहून पाठवायची, तिथल्या जाणत्याने तपासून पास केली की ती लायब्ररीत जाणार.

"पगार किती देतात?" सासूबाईंनी विचारलं.

"पगार नाय मावशी, सावड हाय ती. भाताच्या आवणीला आज मी तुमच्या शेतात, उद्या तुमी माझ्या. तसंच."

"मग ते गोरे येणार का आपल्या आवणीला?"

सरांनी चष्मा पुसायला घेतला.

तपासणारा जाणता कुठल्याशा थंड देशातला होता. फोटोच्या जागी त्याने मांजर लावलेलं, म्हणून आमच्या आळीत त्याचं नाव मांजरवाला. त्याने सरांची दुरुस्ती पहिल्या झटक्यात परत पाठवली. कारण सरांनी गोल तर सुधारलाच, पण जाता जाता शेजारपाजारच्या लोकांचा कोडही झाडूनपुसून ठेवला. मांजरवाल्याने लिहिलं, गोलाचं तेवढंच पाठवा, बाकीच्याला हात लावू नका.

सर तणतणत माझ्याकडे आले. "सावडीला गेलं आणि बांधावर तण दिसलं, तर उपटायचं नाय? कसली माणसं गो ही!"

"सर, दुसऱ्याच्या बांधाला हात लावला तर आपल्याकडं कोर्टात खेचतात."

तेवढ्यापुरतं पटलं. पुढच्या खेपेला पुन्हा कुठेतरी तण दिसलंच आणि दुरुस्ती पुन्हा परत आली. जित्याची खोड!

शिवाय सावडीला आलेल्या माणसाला जेवणाचं विचारायची आपली रीत. म्हणून सर प्रत्येक निरोपात इंग्रजीतून आधी "जेवलात का?" विचारायचे आणि मग कामाचं लिहायचे. मांजरवाला बिचारा सरळ माणूस. त्याने उत्तर दिलं, "हो, सूप घेतलं. तुमचा गोल छान आहे, पण फार हळू उमटतो." ते ऐकून सासूबाई म्हणाल्या, "नुसत्या सूपावर राहतो मेला, किरकिर करणारच."

असं करता करता वर्ष होत आलं. सरांचे डोळे आत गेले. मला बघवेना. एक दिवस मी म्हटलं, "सोडा ना सर ते. बोराएवढा गोल तो. कुणाला दिसतोय?"

"मला दिसतो," सर म्हणाले. असे तोडून ते कधीच बोलले नव्हते. डबा घेऊन आत गेले. त्या दिवशी भाकरीला नावसुद्धा ठेवलं नाही, आणि दिवसभर गाडीत मला चुटपूट लागून राहिली.

शेवटी मांजरवाल्याने दुरुस्ती पास केली. सरांनी आळीत पेढे वाटले, माझ्या हाती डेपोत पाठवले. कशाचे पेढे ते डेपोत कुणालाच कळलं नाही, पण पेढा कोण सोडतो! त्यानंतर सर वाट बघत बसले ती नवं अपडेट त्यांच्या फोनात येण्याची.

ते आलं त्या सकाळी मी डबा द्यायला गेले, तर सर ओट्यावर फोन धरून बसलेले. "ये ये, बघ!" प्रज्ञाला फोन लावलेला. रिंग जात होती. पडद्याच्या मधोमध छोटा गोल आणि त्यात प्रज्ञाचा फोटो.

"कड बघ गो. आधी तिच्या कानाला दाते दिसायचे. आता कसा नीट दिसतो. कान अगदी आईचा हाय तिचा."

रिंग वाजून वाजून थांबली.

"उचलला नाय, सर."

"कामात असते गो. कधीतरी उचलते." आणि त्यांनी परत लावला. उचलेल म्हणून नव्हे हो. रिंग जात असते तोवर तो गोल दिसतो म्हणून.

वर्षभर मी या माणसाची टिंगल करत होते आणि त्याला लेक दिसत होती ती तेवढ्या बोराएवढ्या जागेत. मग आला मला राग! अंगणात जाऊन माझ्या फोनवरून प्रज्ञाला बोलून निरोप धाडला, "बये, तुझा बाप तुझ्या फोटोकडं बघत बसलाय. असशील तिथून फोन कर."

मी परत ओट्यावर येते तोवर सरांचा फोन वाजला. गोल, गोलात प्रज्ञा. सर आपले बघतायत. हात काही हलेना.

"अहो सर, तिचाच हाय! उचला ना!"

"हां हां," म्हणत त्यांनी उचलला. एवढं वर्ष ज्याच्यापायी मांजरवाल्याशी हुज्जत घातली तो गोल गेला आणि पडदाभर प्रज्ञा आली. केस विस्कटलेली, डोळे भरलेली.

मला वाटलं, आता सर गोलाचं सांगणार.

"जेवलीस का गो?" सर म्हणाले.