व्यंकटरावांचं नरसाळं

व्यंकटरावांच्या फटफटीवर मागं बसणाऱ्याला गप्प बसायची मुभा नव्हती. दर फर्लांगाला पुढून प्रश्न यायचा, "हायेत का?" आपण "हाय" म्हणायचं. उत्तर वाऱ्यानं नेलं तर त्यांचा डावा हात हँडलवरून सुटून मागं यायचा आणि आपला गुडघा चाचपायचा. समोरून मालट्रक येत असला तरी.

आम्ही दोघं परभणीला पाटबंधाऱ्याच्या कचेरीत कारकून. दर सोमवारी येलदरी धरणावर कागद पोचवायचे असत, आणि साहेबांनी ते काम आमच्या गळ्यात मारलं होतं. नामांतराच्या वादाची ती वर्षं. वाटेत कुठं रस्ता अडवलेला असेल, कुठलं गाव बंद असेल, सांगता येत नसे. मी निघालो की बायको देवापुढं दिवा लावायची. तिला वाटे, मी दंग्याला भितो. मी व्यंकटरावांच्या डाव्या हाताला भीत होतो.

"मागची खबर ठेवावं लागतंय, कुलकर्णी," ते म्हणत. "पुढचं काय, डोळ्याला दिसतंयच."

एक दिवस त्यांनाच पटलं की हाताचा भरवसा नाही, काहीतरी पक्का इंतजाम पाहिजे. आधी मागच्या सीटला सायकलची घंटी बसवली. ती मी अधूनमधून वाजवायची, म्हणजे मी आहे. पण आमच्या रस्त्यांवर ती आपोआपच वाजत राही, मी असलो काय नि नसलो काय. मग त्यांच्या दंडाला आणि माझ्या मनगटाला सुतळी बांधली. "तुमी पडलात तर मला वढ बसंल," ते समाधानानं म्हणाले. मला मात्र दोघांची एकत्र तिरडी दिसायला लागली.

मग एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्यानं त्यांना बॅटरीवर चालणारा माईक आणि छोटा कर्णा जोडून दिला. माईक त्यांच्यापुढं, कर्णा माझ्या मांडीवर. जिंतूरला बाजाराचा दिवस होता. "हायेत का?" हा सवाल मिरच्या विकणाऱ्या बायांपासून यष्टीची वाट बघणाऱ्यांपर्यंत सगळ्यांना ऐकू गेला आणि सगळ्यांनी "हाय" म्हणून सांगितलंही. लोक हसले, पण त्या दिवसांत कर्णा घेऊन गावातून फिरणं म्हणजे हसण्यावारी नेण्याची गोष्ट नव्हती. हवालदारानं आम्हाला चौकीत तासभर बसवून ठेवलं. घामानं माझा सदरा पाठीला चिकटला. व्यंकटराव त्याला शांतपणे समजावत होते, की साहेब, मला फक्त यांनाच विचारायचंय.

शेवटी निवड झाली ती रबरी नळीची. एका टोकाला रॉकेलचं नरसाळं, ते माझ्या तोंडाशी. दुसरं टोक मफलरखालून त्यांच्या कानात. आवाज झकास जायचा. फक्त नळी आखूड. "हाय" म्हणायला मला दरवेळी कंबरेतून वाकावं लागे आणि नाकात रॉकेलचा वास भरे. वीतभर वाढवा, असं मी चारदा सांगितलं. "माप बरोबर हाय," एवढंच ते म्हणत.

एका सोमवारी मी सूड घ्यायचं ठरवलं. जिंतूर मागं पडलं, सागाची झाडं सुरू झाली. "हायेत का?" मी तोंड मिटून बसलो. हात मागं आला तसे मी गुडघे बाजूला घेतले. करकचून ब्रेक लागला आणि फटफटी आडवी होता होता वाचली. मी हसत उतरलो. व्यंकटराव हसले नाहीत. ते जाऊन मैलाच्या दगडावर बसले.

"असं करू नका, कुलकर्णी," ते म्हणाले. "माझी बायको पडली होती."

मी त्यांच्याशेजारी खाली बसलो.

"पोखर्णीहून येत होतो. घराला दोन खोल्या वाढवायच्या, ते तिला सांगायलो होतो. खिडक्या कुठं, चूल कुठं, समदं सांगितलं. रेल्वेच्या फाटकापाशी थांबलो, म्हणलं उतर, पाय मोकळे कर. मागं कुणीच न्हाई. परत गेलो तर दोन कोसावर लिंबाखाली बसलेली, खांद्याचं हाड मोडलेलं. म्हणली, मी लय हाका मारल्या."

त्याला तीन वर्षं झाली होती. हाड जुळलं, पण कमलवैनी पुन्हा फटफटीवर बसल्या नव्हत्या. पोखर्णीच्या नरसिंहाला त्या यष्टीनं जात आणि हे यष्टीमागून धूळ खात फटफटीवर. "मागच्या खिडकीत बसती," ते म्हणाले. "दिसती."

मला माझी लाज वाटली. नळी आखूड का, तेही तेव्हा कळलं. वैनी उंचीनं माझ्या खांद्याला लागतात.

महिनाभरानं त्यांनी मला घरी बोलावलं. "तुमी सांगा तिला. माझ्यावर भरोसा न्हाई तिचा." फटफटी दारात पुसून उभी होती. वैनी उंबऱ्यात.

"भावजी, खरं सांगा. आवाज जातो का?"

"जातो, वैनी," मी म्हणालो. आता काही झालं तर माझ्या शब्दावर होणार होतं.

त्यांनी नरसाळं पदरानं पुसलं आणि बसल्या. ते बरोबर त्यांच्या तोंडाशी आलं.

फटफटी मुंगीच्या पावलानं गल्लीतून निघाली. पाण्याच्या टाकीपर्यंत गेली आणि थांबली. मी धावलो, एक चप्पल मागंच राहिली. व्यंकटराव मागं वळून बघत होते, चेहरा पांढराफटक.

"कामून थांबलात?" वैनींनी विचारलं.

"तू कायच बोलली न्हाईस."

"तुमी इचारलंच न्हाई."

साऱ्या जिंतूरच्या बाजाराला विचारून बसलेला माणूस. बायकोला विचारायची त्याची छाती झाली नव्हती. ते पुढं वळले. नळीचं टोक कानात नीट बसवायला त्यांना बराच वेळ लागला. मग ते काहीतरी बोलले. मी हातभर अंतरावर होतो, तरी मला ऐकू आलं नाही.

वैनींनी नरसाळं तोंडाशी धरलं.

"हाय," त्या म्हणाल्या. "चला. अन् त्या दोन खोल्यांचं सांगायचं राहिलंय, ते सांगा."