शेवटच्या जागेचा वाद

रविवारी पहाटे पाच वाजता डॉन एलिओदोरो यांनी स्वयंपाकघरातील दिव्याखाली सायकलीच्या दोन्ही चाकांतील हवा तिसऱ्यांदा तपासली, तेव्हा त्यांच्या पत्नीने, दोन्या कुस्तोदिया यांनी, गुळाच्या गरम पाण्याचा पेला टेबलावर जरा जोरानेच ठेवला.

"हवा बघताय की चाकाचं बाळंतपण करताय?"

"आज परीक्षा आहे गं माझी."

"एकसष्टाव्या वर्षी? नापास झालात तर काय, परत पहिलीत बसवणार?"

"घरी बसवणार."

नोंदणी कचेरीतून निवृत्त झालेले हे गृहस्थ रविवारीही घरी बसल्यास काय ओढवेल, याची कुस्तोदिया यांना पुरती कल्पना होती. त्यांनी पेरूच्या वडीचे दोन तुकडे नवऱ्याच्या खिशात सरकवले.

सांता ब्रीहिदा गावच्या सायकल गटाचा दंडक असा, की चढावर मागे पडणाऱ्यासाठी सर्वांनी थांबावे. आणि गेले वर्षभर सर्वजण एकाच माणसासाठी थांबत होते. कोणी कधी कुरकुर केली नव्हती. त्या न केलेल्या कुरकुरीनेच एलिओदोरो यांची झोप उडवली होती. अखेर गटाच्या कप्तान दोन्या एर्मेलिंदा यांनी तोड काढली. त्या दातांच्या डॉक्टर असल्यामुळे अप्रिय गोष्टी हळुवार हातांनी उरकण्यात निष्णात होत्या. आज एलिओदोरो यांनी 'झाडू' व्हावे, असे ठरले. झाडू म्हणजे गटाचा अखेरचा स्वार. नारिंगी बंडी घालून तो सर्वांच्या मागे राहतो, धापा टाकणाऱ्यास पुढे घालतो, आणि त्याच्या मागे कोणी म्हणून उरत नाही. जो मंदपणा इतरांच्या ठायी दोष, तोच झाडूच्या ठायी कर्तव्य ठरतो. कोणी हरवले नाही, तर बंडी कायमची त्यांची; हरवले, तर गटाचा आणि त्यांचा संबंध संपला.

चौकात एर्मेलिंदा यांनी प्रत्येकाचा दिवा, जादा ट्यूब आणि पावसाळी कोट पाहिला व नियम सांगितले.

"पुढच्यानं खड्डा बघितला की ओरडायचं. मागच्यानं तेच ओरडून आणखी मागं पोचवायचं. झाडू ओरडला की समजायचं, निरोप शेवटपर्यंत गेला."

"आणि झाडूच्या मागं?" ओतोनिएल खाटकाने विचारले.

"झाडूच्या मागं डोंगर."

"मग डॉन एलिओदोरो, मागं काही सापडलं तर आणा हं, सुमेर्से!" त्या डोंगरगावातली आदराची हाक घालत तो म्हणाला. "माझी तरुणपणातली कंबर त्याच चढावर पडलीय कुठंतरी."

घाटाच्या माथ्याजवळ धुके उतरले. रस्त्याकडेची माणसाएवढी उंच, लोकरी पानांची फ्राइलेहोनची झाडे कोणाची तरी वाट पाहत उभी असल्यासारखी दिसू लागली. पुढचे स्वार दिसेनासे झाले. त्यांचे आवाज तेवढे उरले. "खड्डा!" कोणी ओरडले. "खड्डा!" दुसरा. मग तिसरा, चौथा. सर्वांत शेवटी एलिओदोरो यांनी नियमानुसार ललकारी दिली: "खड्डा!"

आणि त्यांच्या मागून कोणीतरी शांतपणे म्हणाले, "खड्डा."

प्रतिध्वनी असावा, हा पहिला तर्क त्यांनी तपासून फेटाळला. प्रतिध्वनी आपल्याच आवाजात येतो. हा आवाज घोगरा होता. तरी खात्री करावी म्हणून, रस्ता स्वच्छ असताना, ते मुद्दाम ओरडले, "वाळू!"

"कुठंय वाळू?" मागून प्रश्न आला. "खोटं कशाला ओरडता, सुमेर्से?"

एलिओदोरो यांच्या पाठीवरून गार काटा सरकला. परंतु भीतीहून मोठे संकट त्यांच्या तत्काळ ध्यानी आले: मागे कोणी असेल, तर आपण झाडू नव्हे, आपण केवळ एक सावकाश म्हातारे. त्यांनी वेग कमी केला. मागच्या साखळीची टिकटिकही मंदावली. ते थांबले. टिकटिक थांबली.

"पुढं व्हा," एलिओदोरो म्हणाले.

"तुम्ही व्हा. मी झाडू आहे."

"झाडू मी आहे! ही बंडी दिसत नाही का?"

"माझ्याही अंगावर आहे की."

धुक्यातून एक काटकुळे वृद्ध पुढे आले. सायकल जुनी, लोखंडी. बंडी कधीकाळी नारिंगी असावी. आता तिला दुधाळ चहाचा रंग आला होता. एलिओदोरो यांच्या भुवयांवर, हँडलवर, झाडांच्या पानापानावर दव साचले होते. त्या वृद्धांवर मात्र एक थेंब नव्हता.

"तुमचा गट कुठे आहे?"

"पुढं गेलाय. आत्ताच. मला म्हणाले, शेवटचा माणूस गेला की त्याच्या मागनं ये."

"मग?"

"मग काय! एकाच्या मागं निघावं, तर आणखी कुणीतरी मागनं येतोच. परत फिरायचं. शेवटचा असा कुणी येतच नाही हो."

दुसरा कोणी असता तर पळाला असता. पण एलिओदोरो यांची तीस वर्षे हक्कांच्या तंट्यांत गेली होती. मुद्दा वादात असताना उठून जाणे त्यांना ठाऊक नव्हते.

"असं करू. त्या दगडापर्यंत जायचं. पाय न टेकता जो मागे राहील, तो झाडू. कबूल?"

"कबूल."

त्या निर्जन पठारावर मग दोन वृद्धांची मागे राहण्याची शर्यत सुरू झाली. हँडले डगमगत होती, गुडघे थरथरत होते, चाके गोगलगायीला लाजवीत होती. वर्षभर ज्या गुणाने एलिओदोरो यांना खाली मान घालायला लावली, तो आज पूर्ण तेजाने प्रकटला. दगडापाशी त्या अनोळखी वृद्धांचे चाक वीतभर पुढे सरकले होते.

वृद्ध त्या चाकाकडे पाहतच राहिले. "पुढं गेलो की मी," ते हळूच म्हणाले. "मागं तुम्ही आहात ना, नक्की?"

"आहे."

"आणि तुमच्या मागं?"

"कोणी नाही."

"बघा एकदा वळून."

एलिओदोरो वळले नाहीत, पण ठामपणे म्हणाले, "कोणी नाही. माझा शब्द."

वृद्धांनी असे काही पेडल मारले, की क्षणात ते धुक्यात नाहीसे झाले. ओल्या रस्त्यावर चाकाची रेघ उमटली नव्हती.

माथ्यावरच्या प्रार्थनामंदिरापाशी गट आरेपा नावाच्या मक्याच्या भाकऱ्या खात बसला होता. मोजणी झाली, एकही कमी नव्हता.

"फिकट बंडीतले एक वृद्ध गेले का इथून?" एलिओदोरो यांनी विचारले.

"रस्त्याच्या मधोमध बसलोय आम्ही," ओतोनिएल म्हणाला. "मांजर गेलं असतं तरी कळलं असतं. वारा तेवढा गेला एक. टोप्या उडवून गेला मेला!"

एर्मेलिंदा उठल्या आणि त्यांनी एलिओदोरो यांच्या खांद्यावर हात ठेवला. "झकास काम केलंत, सुमेर्से. बंडी आजपासून तुमची. कायमची!"

टाळ्या पडल्या. ज्या शब्दासाठी एलिओदोरो वर्षभर झुरले होते, तो ऐकून त्यांचा चेहरा मात्र पांढरा पडला.

"कागद आहे का कोणाकडे?"

"कशाला?"

"'कायमची' नको. मुदत घाला. लेखी. खाली दोन साक्षीदार."

"बघा, कचेरी अजून सुटली नाही यांची!" ओतोनिएल खदखदून हसला. एर्मेलिंदाही हसल्या. त्यांनी आरेप्याच्या कागदी पिशवीवर 'एकतीस डिसेंबरपर्यंत' असे लिहून, सही ठोकून, खाली दोघांच्या साक्षी घेऊन ती पुढे केली.

एलिओदोरो यांनी ती दोनदा वाचली आणि परत त्यांच्याच हातात दिली.

"साल राहिलं, दोन्या."