कौसाआत्याची कॅसेट

कौसाआत्या गाण्याआधी माईकच्या कानफटात मारायची. सरळ चापट. "जागा हाईस का रे?" असं विचारायची आणि मगच तोंड उघडायची. कुरुंद्यापासून वसमतपर्यंतचे माईकवाले तिला भिऊन असत.

मी तिचा शेजारी आणि तिच्या गायनपार्टीचा पेटीवाला. जयंतीचं स्टेज असो की कुणाचं बारसं, आत्या स्वतः रचलेली गाणी गायची. लिहिता येत नव्हतं, सगळं तोंडपाठ. साठी उलटल्यावर नांदेडच्या एका स्टुडिओनं तिला कॅसेटसाठी बोलावलं. आत्या एसटीत वाटभर लवंग चघळत बसली.

स्टुडिओत शिरताच तिनं माईकला चापट हाणली. काचेपलीकडचा रेकॉर्डिंगवाला कानावरचे हेडफोन काढून ओरडला, "आजी, लई महागाचा हाय!"

"मग लवकर जागा व्हईल."

स्टुडिओच्या मालकाला सिनेमाच्या चाली हव्या होत्या. "चालू चालीवर घ्या, खपंल."

"माह्या गाण्याला मायबाप हायेत. दत्तक काहून देऊ?"

मग त्याला तिचा फाटका आवाज खुपू लागला. म्हणाला, मशीनवर गुळगुळीत करून घेऊ.

"म्या आयुष्यभर हळदीच्या रानातून वरडले, तवा हा आवाज फाटला. त्याला ठिगळ लावायचं न्हाई. जमत नसंल तर निघाले मी." आणि पिशवी उचलून ती खरंच दारापर्यंत गेली. मालकानं हात जोडले.

शेवटचं गाणं मात्र तिनं विचित्रच गायलं. एक ओळ म्हणायची, पुढच्या ओळीला गप्प. ढोलकी आणि माझी पेटी तेवढी चालू.

"आजी, मधल्या ओळी राहिल्या," रेकॉर्डिंगवाला म्हणाला.

"त्या सखूच्या."

सखू म्हणजे तिची जाऊ. जन्मभर आत्याच्या मागं उभं राहून झील धरली तिनं. मागच्या उन्हाळ्यात ती वारली.

"कोरसच्या पोरी हायेत, भरून घेऊ," मालक म्हणाला.

या वेळी आत्याचा आवाज चढला नाही. "न्हाई. ती जागा तिची हाय."

कॅसेट आली, तेव्हा आम्ही दोघं तिच्या ओट्यावर टेप लावून बसलो. आपल्याच गाण्यांना आत्या "बराबर!" म्हणून दाद देत होती. शेवटचं गाणं लागलं. पहिली ओळ संपली, मागं नुसती ढोलकी आणि पेटी उरली. सवयीनं मी सखूकाकूची ओळ गुणगुणू लागलो.

आत्यानं माझ्या तोंडावर हात ठेवला.

"थांब लेकरा. तिला म्हणू दे."